मागोमाग चालणारा यंत्रमानव : बंदिस्त कामाच्या जागांसाठी स्वस्त रचनेचा विचार (अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

कारखान्याच्या भांडारातून जुळणीच्या बाकापर्यंत सुटे भाग नेणे, रुग्णालयाच्या औषधभांडारातून कक्षापर्यंत सलाइनच्या बाटल्या पोहोचविणे, ग्रंथालयात परत आलेली पुस्तके फडताळांपर्यंत वाहणे ही कामे एकमेकांपासून दूर वाटतात. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांचे स्वरूप एकच आहे. एक माणूस चालतो, त्याच्याबरोबर काही वजन जावे लागते आणि मार्ग दर वेळी ठरलेला नसतो. मार्ग ठरलेला असता तर जमिनीवर पट्टी आखून तिच्यावरून चालणारी गाडी पुरेशी ठरली असती. अशा गाड्या अमेरिकेत १९५० च्या दशकापासून वापरात आहेत आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थीही काळ्या रेषेवरून धावणारा यंत्रमानव दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच तयार करतात. मार्ग माणूस ऐनवेळी ठरवीत असेल तेव्हा गाडीला रेषेमागे नव्हे, माणसामागे जावे लागते. प्रस्तुत लेखात अशा अनुगामी यंत्रमानवाच्या रचनेतील अडचणी, त्यांवरील कमी खर्चाचे उपाय आणि या यंत्राचा श्रमाशी येणारा संबंध यांचा विचार केला आहे.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. येथे एकीकडे सहकारी साखर कारखाने, नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहती आणि लोणीसारख्या ठिकाणची मोठी ग्रामीण रुग्णालये आहेत, तर दुसरीकडे लोणी, संगमनेर व कोपरगाव येथील, १९८३ च्या सुमारास विनाअनुदान तत्त्वावर उभी राहिलेली अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन-संशोधन संस्थाही नगरमध्येच आहे. गरज आणि ती भागवू शकणारे शिक्षण इतक्या जवळ असताना या विषयाचा स्थानिक अंगाने विचार होणे उचित ठरते.

पूर्वपीठिका

कशाच्या तरी मागे जाणारे यंत्र ही कल्पना संगणकाच्या प्रसाराहून जुनी आहे. ब्रिस्टल येथील मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये ‘एल्मर’ व ‘एल्सी’ नावाची दोन यांत्रिक कासवे तयार केली. ती प्रकाशाच्या दिशेने सरकत आणि अडथळ्याला धडकली की बाजूला वळत. त्यांत इलेक्ट्रॉनिक मेंदू म्हणावा असे फार थोडे होते, तरीही पाहणाऱ्याला ती सजीव भासत. याचे कारण असे की अनुगमनाला मोठी बुद्धिमत्ता लागत नाही. लक्ष्य नेमके कोठे आहे एवढे कळले तरी पुरते. ते कळणे मात्र सोपे नाही. रोबोकप स्पर्धांतील घरगुती यंत्रमानवांच्या विभागात, जो २००६ साली सुरू झाला, ‘माझ्या मागे ये’ ही स्वतंत्र परीक्षाच ठेवण्यात आली. लहान मुलाला सहज जमणारी ही गोष्ट यंत्राला परीक्षा म्हणून द्यावी लागते, यातच तिचे काठिण्य दिसून येते.

व्यापारी स्वरूपातही अशी यंत्रे आली. इटलीच्या पियाज्यो समूहाने २०१९ मध्ये ‘गीता’ नावाची दोन चाकांची अनुगामी पेटी अमेरिकेत विक्रीस आणली. तिची किंमत ३,२५० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वादोन लाख रुपयांहून अधिक, आणि भारक्षमता सुमारे १८ किलोग्रॅम होती. भारतात २०१७ च्या सुमारास टाटा समूहातील टाल कंपनीने ‘ब्राबो’ हा देशी यांत्रिक हात पाच ते सात लाखांच्या घरात उपलब्ध केला, तेव्हा त्याचे स्वागत स्वस्त म्हणूनच झाले. नगरच्या औद्योगिक वसाहतीतील दहा-पंधरा कामगारांच्या कारखान्याला मात्र सव्वादोन लाख आणि सात लाख हे दोन्ही आकडे सारखेच दूरचे आहेत. यास्तव येथे ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ निराळा घ्यावा लागतो. एखादी चांगली हातगाडी आणि एक जुनी दुचाकी यांच्या एकत्रित किमतीच्या आसपास जे बसेल ते स्वस्त, असे ढोबळ मानाने म्हणता येईल.

हे शक्य होण्याजोगी परिस्थिती गेल्या दोन दशकांत निर्माण झाली. २००५ मध्ये इटलीतील इव्रेया येथे विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला आर्डुइनो हा सूक्ष्मनियंत्रकाचा फलक, २०१२ मधील रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि २००७ पासून विकसित होत गेलेली ‘रॉस’ ही मुक्त आज्ञावली यांमुळे प्रयोगशाळेची भिंत खाली आली. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील ई-यंत्र उपक्रमाने २०१२ पासून देशव्यापी स्पर्धा घेऊन आणि महाविद्यालयांत प्रयोगशाळा उभारण्यास साहाय्य करून हे ज्ञान मराठी मुलखातील निमशहरी महाविद्यालयांपर्यंत आणले.

माणूस ओळखण्याचा प्रश्न

अनुगामी यंत्रमानवाचे अर्धे यश संवेदकाच्या निवडीत असते. सर्वांत स्वस्त संवेदक श्राव्यातीत ध्वनीचा. तो किरकोळ बाजारात शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. तो ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या काळावरून अंतर काढतो. डावीकडे एक व उजवीकडे एक असे दोन संवेदक बसविले की दोन्ही अंतरांच्या फरकावरून दिशेचाही अंदाज येतो. ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो. २० अंश सेल्सियसला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर नगरच्या उन्हाळ्यातील ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर असतो. दीड मीटर अंतरात त्यामुळे पडणारा फरक पाच सेंटिमीटरांचा आहे आणि तो दुर्लक्षणीय मानता येईल. खरी अडचण वेगळीच आहे. या संवेदकाला समोर काहीतरी आहे एवढेच कळते. ते माणूस आहे, खांब आहे की उघडे कपाट, हे कळत नाही. शिवाय मऊ, सैल कापड ध्वनी शोषून घेते व विखुरते, त्यामुळे प्रतिध्वनी क्षीण होतो. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकात एकच विद्यार्थी मोकळ्या जागेत ताठ चालत असतो, म्हणून यंत्रमानव त्याच्या मागे नीट जातो. परीक्षक टाळ्या वाजवितात. तोच यंत्रमानव कारखान्यात नेला की पहिल्याच खांबाला आपला धनी मानून त्याच्यासमोर उभा राहतो.

दुसरा मार्ग लेसर अंतरमापकाचा. फिरत्या शिरोभागाचा स्वस्त लेसरमापक आता काही हजार रुपयांत मिळतो आणि सेकंदाला पाच ते दहा वेळा आपल्या भोवतालचा आडवा छेद घेतो. दोन वाचनांमधील कोन एक अंश धरला तर दीड मीटरवर लगतच्या बिंदूंतील अंतर सुमारे अडीच सेंटिमीटर येते. म्हणजे पोटरीच्या जाडीच्या पायावर चार-पाच बिंदू पडतात. चार मीटरवर हेच अंतर सात सेंटिमीटर होते आणि पायावर एखाददुसराच बिंदू उरतो. यावरून अशा यंत्रमानवाने माणसापासून दोन मीटरांहून फार मागे पडता कामा नये, हे ध्यानात येते.

या पद्धतीच्या मुळाशी असलेले एक गृहीत मात्र येथे तपासून पाहणे अगत्याचे आहे. घोट्याच्या किंवा पोटरीच्या उंचीवर लेसर लावून दोन लहान कंस शेजारी-शेजारी दिसले की तेथे माणूस आहे असे समजणे, ही प्रचलित रीत आहे. विजार घातलेल्या माणसाला ती लागू पडते. सहावारी साडी नेसलेल्या स्त्रीचे दोन पाय मात्र लेसरला दोन दिसत नाहीत. निऱ्यांमुळे एकच रुंद, दर पावलाला आकार बदलणारी आकृती दिसते आणि यंत्र तिला कचऱ्याची टोपली किंवा खांब समजून सोडून देते. धोतर नेसलेल्या वृद्ध हमालाचेही तसेच. रुग्णालयातील आया, साखर कारखान्याच्या गोदामातील सफाई कामगार, ग्रंथालयातील परिचर या स्त्रियांपैकी कित्येकजणी साडीतच काम करतात आणि वजन वाहण्याचा भारही बहुधा त्यांच्याच वाट्याला येतो. ज्यांना यंत्राची सर्वाधिक गरज, त्यांनाच ते ओळखत नसेल तर तो केवळ तांत्रिक दोष राहत नाही. प्रयोगशाळेत चाचणी देणारे बहुतांश विद्यार्थी जीन्समध्ये असतात, म्हणून हा दोष अहवालात येत नाही एवढेच.

यावर सोपा उपाय आहे. लेसरमापक पायांच्या उंचीवर न लावता एका दांड्यावर कमरेच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटरांवर लावावा. त्या उंचीला मानवी देह लंबवर्तुळासारखा दिसतो आणि पोशाखाने त्यात फारसा फरक पडत नाही. हात हलताना कडेला लहान बिंदू येतात, ते गाळता येतात. मात्र या उंचीवरून जमिनीवरचा ठोकळा, बादली, बसलेले मूल हे काहीच दिसत नाही. म्हणून खाली पुढच्या बाजूस तीन-चार श्राव्यातीत संवेदक अडथळ्यांसाठी ठेवावेच लागतात. माणूस शोधण्याच्या कामी निरुपयोगी ठरलेला शंभर रुपयांचा संवेदक येथे उत्तम काम देतो, कारण समोर काय आहे हे त्याला येथे विचारलेलेच नसते. काही आहे की नाही, एवढेच त्याने सांगायचे असते.

तिसरा मार्ग कॅमेऱ्याचा. चित्रातून माणूस शोधण्याच्या पद्धतींत २००५ मधील दलाल व ट्रिग्ज यांची प्रवणता-आलेखांची पद्धत आणि २०१६ नंतर प्रचारात आलेली ‘योलो’ ही चेताजालावर आधारित पद्धत हे दोन टप्पे मानले जातात. लहान संगणकावर हलकी चेताजाले सेकंदाला काही चित्रे हाताळू शकतात. सेकंदाला पाच चित्रे धरली तर दोन चित्रांच्या दरम्यान १.२ मीटर वेगाने चालणारा माणूस २४ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. हे चालण्याजोगे आहे. कॅमेरा माणूस आणि खांब यांत गल्लत करीत नाही, पण माणसामाणसांत करतो. कपड्याच्या रंगावरून ओळख ठेवावी तर कारखान्यात सर्वांचे शर्ट एका रंगाचे आणि रुग्णालयात सर्व परिचारिकांचा गणवेश एकच. दोन परिचारिका बोलत उभ्या राहिल्या आणि मग विरुद्ध दिशांना गेल्या की यंत्रमानव कोणामागे जाईल, हे दैवावर अवलंबून राहते. पाठीवर मोठे, ठळक चौकटीचे चिन्ह लावलेले जाकीट हा त्यावर केला जाणारा उपाय होय. तो स्वस्त आहे, परंतु उन्हाळ्यात दिवसभर जाकीट घालणे कामगाराला किती रुचेल हा प्रश्नच आहे.

रेडिओलहरींवर चालणारा बिल्ला हा मार्ग ओळखीचा प्रश्न पूर्णपणे सोडवितो. ब्लूटूथच्या संकेतबळावरून काढलेले अंतर मात्र कित्येकदा मीटर-दोन मीटरांनी चुकते. अतिविस्तृत पट्ट्याचे रेडिओ संकेताच्या प्रवासाचा काळ मोजतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, हे लक्षात घेतले म्हणजे दहा सेंटिमीटर अचूकतेसाठी काळ किती बारकाईने मोजावा लागतो याची कल्पना येईल. हे घटकही आता हजार-दीड हजारांच्या पट्ट्यात येऊ लागले आहेत. बिल्ला छातीवर लावून माणूस पाठमोरा चालू लागला की त्याचे शरीरच मध्ये येते आणि संकेत क्षीण होतो. बिल्ला पाठीमागे कमरपट्ट्याला लावावा, एवढी साधी सूचना पुष्कळ त्रास वाचविते.

आणखी एक मार्ग आहे, त्याचा उल्लेख प्रकल्प-अहवालांत क्वचितच येतो, कारण तो दिसावयास फारच साधा आहे. तो म्हणजे दोरी. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी, तिच्या रिळावर लांबी मोजणारा एक फिरता रोधक आणि दोरी बाहेर पडते तेथे कोन मोजणारा दुसरा. माणसाने दोरीचे टोक कमरेला अडकवावे. लांबी म्हणजे अंतर आणि कोन म्हणजे दिशा. खांब, गणवेश, साडी, धूळ, अंधार यांपैकी कशानेही हे मोजमाप बिघडत नाही आणि एकूण खर्च काही शेकड्यांत राहतो. बैलाचा कासरा धरून पुढे चालणाऱ्या शेतकऱ्याला या रचनेत नवे असे काही दिसणार नाही. दोरी हातून सुटली की लांबी शून्यावर येते, म्हणजे यंत्र आपोआप थांबते. गर्दीच्या मार्गिकेत मात्र दोरीत इतरांचे पाय अडकण्याचा धोका आहे, म्हणून रुग्णालयात ती वर्ज्य समजावी. रात्रपाळीच्या गोदामात, जेथे दोन-चार माणसेच असतात, तेथे तिच्याहून चांगला स्वस्त संवेदक नाही.

संवेदक कोणताही असो, मधून कोणी आडवे गेले की लक्ष्य क्षणभर दिसेनासे होते. अशा वेळी १९६० मध्ये रुडॉल्फ कालमान यांनी मांडलेल्या गाळणीचा उपयोग होतो. शेवटी दिसलेले स्थान व वेग यांवरून माणूस आता कोठे असेल याचा अंदाज ही गाळणी बांधते आणि त्या अंदाजाची अनिश्चितताही सांगते. क्षणभराच्या आडोशाला हे पुरते. दोन सेकंदांनंतर अनिश्चिततेचे वर्तुळ इतके मोठे होते की त्यात तीन-चार माणसे मावतात. त्या वेळी यंत्राने अंदाज करू नये. जागीच थांबून आवाज द्यावा आणि माणसाने परत येऊन ते घेऊन जावे.

चाके, वजन आणि चढ

नगरच्या लष्करी परिसरात १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. तेथील रणगाड्यांना मोटारीसारखे वळणारे चाक नसते. एका बाजूचा पट्टा हळू व दुसऱ्या बाजूचा जलद फिरवून ते वळतात. स्वस्त यंत्रमानवाची रचना तत्त्वतः हीच असते. दोन चालक चाके, प्रत्येकाला स्वतंत्र मोटर आणि तोल सांभाळण्यासाठी एक-दोन मोकळी गिरकी चाके. सुकाणूची यंत्रणा वाचते आणि जागच्या जागी वळता येते.

मोटर किती शक्तीची घ्यावी, हा प्रश्न विद्यार्थी बहुधा दुकानदाराला विचारून सोडवितात. त्याचे गणित अवघड नाही. यंत्राचे वजन ३० आणि भार ५० मिळून ८० किलोग्रॅम धरले तर गुळगुळीत फरशीवर लोटण्यास सुमारे १६ न्यूटन बल पुरे होते. ताशी साडेचार किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला १.२ मीटर या चालण्याच्या वेगाने त्याची शक्ती २० वॅटही भरत नाही. परंतु रुग्णालयातील उतरता-चढता मार्ग साधारणपणे बारास एक या प्रमाणात असतो. त्या चढावर आणखी ६५ न्यूटन लागतात आणि गरज पाचपट वाढून सुमारे १०० वॅटवर जाते. मोटर व दंतचक्रांतील नाश जमेस धरता विद्युतघटातून १७५ ते २०० वॅट घ्यावे लागतात. सपाट फरशीवरील प्रयोगावरून निवडलेली मोटर पहिल्याच चढावर जळते, ती यामुळे.

भंगार बाजारातून मिळणारी मोटारगाडीच्या वायपरची मोटर हा विद्यार्थ्यांचा आवडता पर्याय. ती दणकट असते, बारा व्होल्टवर चालते आणि तिच्यातील मळसूत्री दंतचक्रामुळे वीज गेली तरी गाडी उतारावरून घरंगळत नाही. तिची गती मिनिटाला साधारण ५० ते ६० फेऱ्यांची. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकावर हा वेग सेकंदाला ०.६ मीटरच भरतो, आणि ज्याच्या मागे चालायचे तो माणूस दुप्पट वेगाने निघून जातो. मोठे चाक लावावे तर तितकेच अधिक पीडन लागते. बंद पडलेल्या ‘हॉवरबोर्ड’च्या चाकातच बसविलेल्या मोटरी त्या मानाने सरस ठरतात. त्या अडीचशे-तीनशे वॅटच्या असतात, दंतचक्रे नसल्याने आवाज करीत नाहीत आणि जुन्या मिळाल्या तर स्वस्तही पडतात. मात्र वीज गेल्यावर त्या मोकळ्या फिरतात, म्हणून चढावर यांत्रिक रोधक लावणे अनिवार्य होय.

विद्युतघटाचा हिशेबही असाच करावा. आठ तासांच्या पाळीत निम्मा वेळ सपाटीवर चालणे व निम्मा वेळ उभे राहणे धरले तर सुमारे २३० वॅट-तास लागतात. शिसे-आम्लाचे बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांचे दोन घट मिळून १६८ वॅट-तास साठवितात आणि त्यांतील निम्मेच वापरले तर ते टिकतात. म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंतच निभाव लागेल. लोह-फॉस्फेट प्रकारचा २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांचा घट पाळी पुरी करतो. त्याची किंमत जास्त असली तरी दोन वर्षांचा हिशेब केला असता तोच स्वस्त पडतो.

वळण, दार आणि उंबरठा

गळिताच्या हंगामात जिल्ह्यातील रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस वाहिला जातो. वळणावर ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध असतो, पण शेवटची ट्रॉली आतल्या कडेला घासून जाते. मागून येणारी प्रत्येक वस्तू वळण तोडते. अनुगामी यंत्रमानवही माणसाकडे सरळ तोंड करून चालत असल्यामुळे मार्गिकेच्या कोपऱ्यावर भिंतीला धडकतो. माणूस आता जेथे आहे तिकडे न जाता तो जेथून गेला त्या वाटेने जाणे, हा यावरील उपाय होय. त्यासाठी चाकांच्या फेऱ्या मोजणारे संवेदक लावून माणसाची मागील काही स्थाने स्मृतीत ठेवावी लागतात आणि यंत्र त्या पाऊलखुणांवरून चालते. या मापनात हळूहळू चूक साठत जाते. परंतु येथे केवळ दोन-तीन मीटर मागचीच वाट आठवायची असल्याने ती चूक बाधत नाही. संपूर्ण इमारतीचा नकाशा करण्याच्या खर्चिक खटाटोपाची म्हणूनच येथे गरज नाही.

वेगाच्या नियंत्रणात ‘प्रमाण, संकलन व विकलन’ ही त्रिसूत्री पाठ्यपुस्तकात शिकविली जाते आणि विद्यार्थी ती जशीच्या तशी लावतात. या ठिकाणी संकलनाचा भाग घातक ठरू शकतो. यंत्र दाराशी अडकले आणि माणूस पुढे गेला की चूक साठत राहते, आणि दार उघडताच यंत्र साठलेल्या सगळ्या चुकीनिशी झेप घेते. केवळ प्रमाणनियम वापरावा हे बरे. एक मीटर हे किमान अंतर आणि दीडचा गुणक धरला तर सेकंदाला १.२ मीटर वेगाला यंत्र १.८ मीटर मागे राहते. पाठ्यपुस्तक याला स्थायी चूक म्हणते. प्रत्यक्षात वेग वाढला की अंतर वाढणे हे रस्त्यावरील शहाण्या चालकाचेच लक्षण आहे.

उंबरठ्याविषयी थोडक्यात. जुन्या इमारतींत दारांना उंबरठे आहेत आणि शहाबादी फरशीच्या सांध्यांत खाचा आहेत. मोठी चाके त्या ओलांडतात. अडते ते पाच सेंटिमीटरांचे गिरकी चाक. ते मोठे व रबरी घ्यावे आणि उंबरठ्यावर लाकडी पाचर बसवावी. या पाचरीचा खर्च यंत्रमानवाच्या अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

सुरक्षितता

ऐंशी किलोंचे यंत्र माणसाच्या टाचेमागे चालते तेव्हा थांबण्याचे अंतर हा सर्वांत महत्त्वाचा आकडा ठरतो. सेकंदाला १.२ मीटर वेग, ०.३ सेकंदाचा प्रतिसादकाल आणि सेकंदाला एक मीटर या दराने घटणारा वेग धरला तर थांबेपर्यंत यंत्र सुमारे १.१ मीटर जाते. वेग ०.८ मीटरवर आणला तर हेच अंतर ५६ सेंटिमीटरांवर येते. वेग एक-तृतीयांशाने घटविला आणि अंतर निम्मे झाले, हा लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही. गर्दीच्या कक्षात वेगमर्यादा आज्ञावलीत पक्की बांधावी आणि ती कामगाराला वा पर्यवेक्षकाला सहज बदलता येऊ नये. व्यक्तिसेवेच्या यंत्रमानवांसाठी २०१४ चे आयएसओ १३४८२ आणि चालकविरहित औद्योगिक गाड्यांसाठी आयएसओ ३६९१-४ ही मानके उपलब्ध आहेत. विद्यार्थी-प्रकल्पाने ती पूर्ण करावीत अशी अपेक्षा नाही, पण ती वाचून प्रकल्पाला आरंभ व्हावा. तातडीच्या थांब्याचे लाल बटण मोटरींचा वीजपुरवठा थेट तोडणारे असावे. ते संगणकाला केवळ निरोप देणारे असेल तर संगणक गोठल्यावर त्याचा उपयोग शून्य. सूचनाही मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असाव्यात.

खर्च आणि श्रम

लोखंडी चौकट स्थानिक फॅब्रिकेशनच्या दुकानात करून, जुन्या मोटरी घेऊन, कमरेच्या उंचीचा लेसरमापक, लहान संगणक, नियंत्रक व लोह-फॉस्फेट घट यांसह असे यंत्र चाळीस-पन्नास हजारांत बसविता येते. लेसर व संगणक वगळून दोरीचा मार्ग पत्करला तर ते वीस-पंचवीस हजारांवर येते. हे आकडे सुट्या भागांचे आहेत. विद्यार्थ्यांचे श्रम त्यांत धरलेले नाहीत आणि धरले तर यंत्र स्वस्त राहत नाही, हे मान्य केले पाहिजे.

भाराचा प्रश्न महाराष्ट्रात तांत्रिक राहिलेला नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील व पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल-माथाडींना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या वजनाची कमाल मर्यादा ५५ किलोग्रॅम सुचविली, आणि स्त्रियांसाठी ती बरीच कमी असावी असे म्हटले. पूर्वी शंभर किलोंचे असलेले साखरेचे पोते आज पन्नास किलोंचे झाले, तरी पाठ तीच आहे. या पार्श्वभूमीवर अनुगामी यंत्राचे एक वैशिष्ट्य नजरेत भरते. ते माणसावाचून चालतच नाही. स्वयंचलित गाडी माणसाला मार्गावरून हटविते, तर हे यंत्र त्याला पुढे ठेवून केवळ ओझे काढून घेते.

तथापि एवढ्यावरून ते निरुपद्रवी ठरत नाही. ओझे उतरलेल्या माणसाकडून दुप्पट फेऱ्यांची अपेक्षा केली जाऊ शकते आणि दोघांच्या जागी एक पुरे असे मालकाला वाटू शकते. नगावर मजुरी मिळणाऱ्या हमालाला तर यंत्राने वाहिलेल्या पोत्याचे पैसे कोणाचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडेल. त्याचे उत्तर आज्ञावलीत नाही. यंत्र आणण्यापूर्वी ते मालक आणि कामगार यांच्यात ठरले पाहिजे, आणि प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या बैठकीला बसले पाहिजे.

चाचणी

प्रकल्पाचे मूल्यमापन करताना यंत्र चालले की नाही एवढेच पाहण्याची रूढी आहे. त्याऐवजी शंभर मीटर चालण्यात लक्ष्य किती वेळा हरवले, ते स्वतः किती वेळा पुन्हा मिळविले आणि किती वेळा चुकीच्या माणसामागे गेले, हे तीन आकडे मागावेत. चालणाऱ्यांत साडी नेसलेली एक, धोतर नेसलेला एक आणि एकाच रंगाच्या गणवेशातील दोघे असावेत. वाटेत एक चढ, एक उंबरठा आणि एक काटकोनी वळण असावे. पन्नास किलोंचे पोते यंत्रावर खरोखरच ठेवावे, रिकामी पेटी नव्हे.

आणखी एक व्यावहारिक बाब उरते. बहुतेक महाविद्यालयांत जून उजाडला की मागील तुकडीचा प्रकल्प मोडला जातो, कारण त्यातील मोटरी व नियंत्रक पुढच्या तुकडीला हवे असतात. अनुगामी यंत्राचे दोष पहिल्या वर्षी कळतात आणि दुसऱ्या वर्षी सुधारावयाचे असतात. चौकट, मोटरी व घट विभागाच्या मालमत्ता-नोंदवहीत चढवून तीन वर्षे एकाच यंत्रावर तीन तुकड्यांना काम दिल्यास पहिली तुकडी चाके बसवील, दुसरी ओळख सुधारील आणि तिसरी ते यंत्र जवळच्या रुग्णालयात किंवा गोदामात महिनाभर चालवून पाहील. त्यासाठी सुमारे तीस हजारांची तरतूद आणि कुलूप लावता येईल अशी एक खोली लागते.